खाजणात दोन बुचं

३ नोव्हेंबर
लाल मासा एक. तोही सोडून दिला. एकट्याला एवढा मोठा कशाला!

५ नोव्हेंबर
बायकोचा, एल्मीरचा, लाफायेतहून फोन. लेकीकडे जाऊन वर्ष होत आलं तिला. "जेवता ना नीट?" — जेवतो. "एकटं वाटतं का?" — छे! मला काय धाड भरलीय! मागं नात रडायला लागली, तिनं फोन ठेवला.

गेल्या वर्षीच्या वादळानंतर या बायूवर, या संथ खाडीच्या काठी, दोनच घरांत दिवा लागतो. एक माझा. दुसरा समोरच्या काठावर, ओव्हीदचा. त्याच्याशी मी बोलत नाही. चर्चच्या दारात, सगळ्यांसमोर एल्मीरला म्हणाला होता, "वहिनी, तुम्ही जा लेकीकडे. हा हट्टी बैल काही हलायचा नाही." आणि ती गेली!

८ नोव्हेंबर
सकाळभर बोटीत. गळाला कोळंबी, वर तरंगतं बूच. काठीला हिसका दिला की बूच डुबुक् करतं. माशाला वाटतं, कुणीतरी भक्ष्यावर तुटून पडलंय, आपणही जावं. हिसका. थांबायचं. पुन्हा हिसका. दिवसभरात कानावर पडतं ते एवढंच.

आज गवतापलीकडून दुसऱ्या बुचाचा आवाज आला. ओव्हीद! एवढं मोठं खाजण, आणि ह्याला इथंच यायचं असतं. नांगर उचलून दूर गेलो.

९ नोव्हेंबर
पुन्हा आला! निर्लज्ज.

१२ नोव्हेंबर
उत्तरेचा वारा सुटला होता, पण मासे लागत होते म्हणून निघालो नाही. हावरटपणा! वाऱ्यानं पाणी समुद्राकडे रेटलं, बोट चिखलात बसली. ढकलायला उतरलो तर मांडीपर्यंत रुतलो. पाय निघेनात. बोटं बधिर. हाक मारायची लाज वाटत होती — मारायची तरी कुणाला? शेवटी मारली. त्याच्याच नावानं.

ओव्हीद फळी पुढं सरकवत चिखलावरून पालथा आला. "लेऑन्स, मासे धरतोयस की स्वतःला पेरतोयस?" मी शिवी हासडली. त्यानं ओढलं. बूट आतच राहिले.

त्याच्या घरी नेऊन गरम गम्बो, कोळंबीचं दाट सूप, पाजलं, स्वतःचा कोट दिला. मी विचारलं, "रोज माझ्या मागं मागं का असतोस रे?"
"मासे तिथंच असतात," म्हणाला. माझ्याकडे न बघता.

१३ नोव्हेंबर
ताप. ओव्हीद कॉफी घेऊन आला. त्याचा फोन वाजला, तो बाहेर गेला. दार उघडंच होतं.

"हो, वहिनी. काल जरा रुतला होता... नाही नाही, बरा आहे. झोपलाय... नाही. तुमचं नाव नाही काढलं अजून."

आत आला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.
"ऐकलंस ना?" म्हणाला. "रोज संध्याकाळी विचारते. लक्ष ठेवा म्हणून मला तिनंच सांगितलंय. आता काय उत्तर द्यायचं ते तू सांग."

कॉफी तशीच निवली.

१४ नोव्हेंबर
मीच फोन लावला. "ये," म्हटलं. तेवढंच जमलं.
मग म्हणाली, "वादळात वाहून गेलेल्या दारापुढच्या पायऱ्या बसवल्यात का?"
नव्हत्या. करवत शोधतोय.