शामण्णांची व्ही-ट्विन

३ ऑगस्ट, रविवार
शामण्णांची गाडी चालवली. मागच्या गल्लीतले, लहानपणापासून ओळखीचे. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून गाडी उभीच, आता विकायची म्हणतात. जुनी जपानी, अडीचशे सीसी. दोन सिलिंडर इंग्रजी व्हीसारखे, एकामागे एक, म्हणून कंबर बारीक. माझे दोन्ही पाय पूर्ण टेकले! कॉलेजात भावाची शंभर सीसी चालवायचे, मग स्कूटर. सुधीरच्या अवजड गाडीवर लग्नापासून मागेच.
गांधीबझारपर्यंत जाऊन आले. किती मवाळ गाडी. कसली घाई नाही. माझ्यासाठीच.

४ ऑगस्ट
ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं. घरी सुधीर : "शामण्णांचे गुडघे गेले, तुझं काय गेलं?" हसले. पण खरंच हवी आहे, की चव्वेचाळिसाव्या वर्षी मिरवायचं आहे?

१० ऑगस्ट, रविवार
'हो' सांगायचं ठरवूनच गेले. आधी एक फेरी. परत आले तेव्हा शामण्णांच्या पद्माक्का अंगणात पाणी शिंपडत होत्या. थेंब सायलेन्सरच्या नळ्यांवर उडाले. एकीवर चुर्र, डोशाच्या तव्यासारखं. दुसरीवरून नुसतेच ओघळले. थंडगार.
शामण्णांना दाखवलं. पायरीवर बसून हसायलाच लागले. "अगं, एकच सिलिंडर चालतोय! अर्ध्याच गाडीवर भाळलीस की!"
पद्माक्का नवऱ्यावर उखडल्या. "आणि तुमचे कान कुठे होते?"
दुरुस्त केल्याशिवाय देणार नाही म्हणाले. 'हो' तोंडातच राहिलं.
मला आवडलेला मवाळपणा म्हणजे गाडीचं दुखणं.

१७ ऑगस्ट, रविवार
प्लग, वायर नवी. दोन्ही सिलिंडर चालू. क्लच सोडला तर गाडी पुढे, मी मागे राहिल्यासारखी. कोपऱ्यावर बंद पडली. मागून ऑटोवाला कन्नडमध्ये घाई करत : "स्वल्प बेग, मेडम!" ढकलत आणली. हलकी आहे, ढकलता येते, एवढंच समाधान.
सुधीरनं नुसता चहा पुढे केला. चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

१९ ऑगस्ट
नकोच म्हणावं. आवडली होती ती गाडी आता नाहीच.
पण बरी झाली म्हणून नको, हे कसलं कारण? भीती वाटते. तेवढंच लिहावं, बाकी सबबी.

२४ ऑगस्ट, रविवार
'नाही' सांगण्याआधी एकदा शेवटचं, म्हणून सकाळी गेले. शामण्णा : "क्लच हळू सोड. ती कुठे पळून जात नाही."
बसवनगुडीच्या देवळाचा चढ. रस्ता मोकळा. गियर खाली टाकायचा विसरले, तरी तक्रार न करता चढली. खालून दोन्ही ठोके येत होते, एक जरा आधी, एक मागोमाग. वळणावर नजर गेली तिकडे गाडी गेली. वर पोचल्यावर लक्षात आलं, खांदे सैल सुटले होते.
परतले तर शामण्णा फाटकात, काठी टेकून. मी इंजिन बंद करू लागले. "असू दे," म्हणाले. डोळे मिटून ऐकत राहिले. मग, "काय ठरलं?"
"अजून एक फेरी मारून येऊ?"
"सरी, जा," म्हणाले, आणि काठीनंच फाटक सताड उघडलं.