गोल नॉब आणि माझं मनगट

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.
खटक्! शाळेत आमच्या सातवीच्या वर्गाचं दार लाकूड फुगून बसायचं. दहा पोरं लोंबकळली तरी हलायचं नाही. मग कवितेचे मास्तर यायचे. कडी मुठीत, मनगटाला एक झटका, खटक्, आणि दार उघडता उघडताच कवितेची पहिली ओळ. आज पहाटे तोच आवाज कानात घुमला आणि जाग आली. शुभशकुन!

कारण आजपासून मनगटाची तालीम. जिन्यात पडून उजवं मनगट मोडलं होतं, आता प्लास्टर निघालं आहे. तेवढ्यात मुलाने दाराला नवं लॅच बसवलं, ओढलं की आपोआप लागणारं. मी म्हणे दार उघडं टाकून फिरायला जातो. एकदाच गेलो. फार तर चारदा. आतून उघडायला गुळगुळीत गोल नॉब. तो मला फिरवता येत नाही. म्हणजे, अजून फिरवलेला नाही.

मुलगा म्हणाला, बाबा, सुताराकडून दांडीचं हँडल बसवून घेऊ, कोपरानेही उघडेल. मी साफ नाही म्हटलं. मनगट असताना कुबड्या कशाला? मग म्हणाला, ठीक आहे, पण आई ताईकडून दोन महिने येत नाही (ही लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे), आम्ही दिवसभर ऑफिसात. घरात काही झालं तर दार कोण उघडणार? सोळा तारखेला नॉब फिरवून दाखवा, नाहीतर ज्येष्ठांच्या पाळणाघरात नाव घालतो. तिथे दुपारी टाळ्या वाजवून बडबडगीतं म्हणवून घेतात. माझ्याकडून! सातवीचं अख्खं कवितेचं पुस्तक ज्याला तोंडपाठ!

४ फेब्रुवारी
फिजिओथेरपीच्या पोरीने सांगितलं होतं : हात टेबलावर टेकवा, पंजा कडेबाहेर. हातोडी उभी धरा, सावकाश एका बाजूला झुकवा, पुन्हा उभी, मग दुसऱ्या बाजूला. आधी लोखंडाजवळ धरायची, ताकद येईल तसं दांड्याच्या टोकाकडे सरकायचं. पोरगी गुणी, पण नवखी. मी थेट टोकालाच धरली.
हातोडी खाली. फरशीचा टवका. खालच्या मजल्यावरच्या बाई धावत वर आल्या, काय पडलं हो काका? बंद दारातूनच बोललो. दार उघडावं असं काही नव्हतं.

६ फेब्रुवारी
पकड लोखंडाकडे जरा सरकवली. लगेच फरक! हातोडी हलकी वाटू लागली. मनगट भरतंय.
कवितेची एक ओळ म्हणायची, हातोडी एकदा फिरवायची, असा नियम केला. दोन कडवी झकास. तिसरं कडवं काही केल्या आठवेना. थांबलो. कविता अर्धवट टाकून पुढे जाणं मला जमत नाही. संध्याकाळपर्यंत आठवत बसलो. व्यायाम राहिला, पण कारण साहित्यिक होतं.

९ फेब्रुवारी, रविवार
स्वतःचं उपकरण बनवलं. झाडूचा दांडा, टोकाला पाण्याची बाटली, सुतळीने घट्ट बांधलेली. सून झाडू शोधत आली. म्हटलं, आता ते व्यायामाचं साधन आहे. म्हणाली, छान, मग त्या साधनाने तुमच्या खोलीतला केर काढा बाबा, फायदा होईल.
या घरात प्रयोगशीलतेला किंमत नाही.
भरलेली बाटली जरा जड पडत होती. पाणी ओतून टाकलं. रिकाम्या बाटलीने बैठक पक्की होते.

११ फेब्रुवारी
हिचा फोन. मनगट कसंय? म्हटलं, लोखंड! आणि नॉब? म्हटलं, नॉबचं काय घेऊन बसलीस, दार चौकटीसकट उपटीन. ‘बरं’ म्हणून तिने लगेच फोन ठेवला. भारावली असावी.

१३ फेब्रुवारी. दुपार.
खिडकीतून खालचं बाकडं दिसतं. माझ्या जागेवर कुणीतरी पेपर वाचत बसलंय. तेही पाय पसरून.
नॉबवर हात टाकला. मग दोन्ही हात. मग टॉवेल. मग सुनेचे भांडी घासायचे रबरी हातमोजे. नॉब आज हट्टाला पेटलाय. गारठ्याने धातू आकसतो, त्याचा दोष नाही.

तीन वाजता दूध उतू जाऊन गॅस विझला. मी डुलकीत. वास आला तेव्हा धावत आधी दाराकडेच गेलो. सवय. तिथे उभा राहिलो. मग परत येऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. खिडकीची कडी हातातून दोनदा सुटली. व्यायामामुळे.
सुनेला सांगण्यासारखं काही नाही.

१५ फेब्रुवारी
हातोडी आता सरळ लोखंडालाच धरतो. दांडा पिसासारखा फिरतो. तयारी पूर्ण. नॉबला आज मुद्दाम हात लावला नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडायचं नसतं.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी चार.
मुलगा-सून सामान आणायला गेलेत. सहाला येतील, मग परीक्षा.
बेल वाजली.
दाराच्या भिंगातून पाहिलं. ही! हातात बॅग, कपाळावर आठी. अगं, तू? म्हटलं. म्हणाली, मीच. उघडा, नव्या लॅचची चावी नाही माझ्याकडे. म्हटलं, आलोच, चष्मा शोधतोय. म्हणाली, मग चष्म्याशिवाय ओळखलंत कसं?
दोन्ही हात. टॉवेल. हातमोजे. सगळं झालं.
शेवटी बाहेरून म्हणाली, नाही ना फिरत? चौकटीसकट उपटीन म्हणालात, तेव्हाच कळलं मला. बाळाला त्याच्या दुसऱ्या आजीकडे सोपवलं आणि निघाले.
तिच्या बांगड्या वाजल्या, पायरीवर बसली असावी. मीही खुर्ची दाराला लावली. हे तिथेच बसून लिहितोय.
वेळ जावा म्हणून तिला ती कविता म्हणून दाखवली. दुसऱ्या कडव्यापाशी थांबलो. विचारलं, तिसरं आठवतं का गं तुला?
म्हणाली, अहो, तिसरं कुठलं? दोनच कडवी आहेत तिला.
थोड्या वेळाने दाराला तोंड लावून विचारलं, त्या सुताराचा नंबर आहे का तुझ्याकडे?