भिंतीची काजळी पुसू नको

हैदराबाद

माय, तुले नमस्कार.

मी इथं बरा आहे, दोन वेळ जेवतो. फोनवर तू नुसतं "बरं बरं" म्हणते अन् फोन नातीले, रीनाले देऊन टाकते, म्हणून लिहून राहिलो. तिच्याकडूनच वाचून घेजो.

घर जळल्याचं पाहाले विमा कंपनीचे साहेब पुढच्या सोमवारी नाकाडोंगरीले येतील. जळालेलं डोळ्यानं दिसलं तरच विमा मंजूर होईल. अन् तू साहेब येणार म्हणून जळालेली खोली सारवून ठेवली, वरून रांगोळी टाकली, असं रीना सांगते. काहून माय? ते काय सोयरीक पाहाले येऊन राहिले का?

आता उरलेल्या भिंतीची काजळी पुसू नको. जळालेला पलंग अन् धानाची पोती उकिरड्यावर फेकली असतील तं परत अंगणात आणून ठेवाले सांग. लाज वाटू देऊ नको. साहेबाले चहा पाजजो, तेवढं पुरे.

गाय चारा खाते का? धाकटी टीना झोपेत अजून दचकते का?

तिच्याच तोंडून निघालं का आजीनं डाव्या हातानं सारवलं. उजव्या हाताले काय झालं म्हणून विचारलं, तं रीनानं फोनच ठेवून देला.

तुझा,
नितेश