हौदाच्या पाण्याची पेटी दीनाला

मी दानीएल यहोशवा उजागरे, वय सुमारे बासष्ट, धर्म ख्रिस्ती, धंदा हौदाच्या पाण्याची देखभाल, राहणार मौजे राहाता, तालुका कोपरगाव, जिल्हा अहमदनगर, आज शुद्धीत असून, कोणी भरीस घातलेले नसताना, देवाला साक्षी ठेवून हा कागद करीत आहे. माझी छाती निकामी झाली आहे, पायांवर सूज आहे, आणि पावसाळा दिसेल असे डॉक्टर म्हणालेले नाहीत. अक्कल मात्र जागेवर आहे. लिहिणारा हात माझा नाही. मिशन शाळेचे डेव्हिड मास्तर मी सांगतो तसे लिहीत आहेत. हे कायद्यात बसत नाही, असे ते मधून मधून म्हणतात. बसो वा न बसो, सांगितलेले सगळे लिहायचे, असे आमचे ठरले आहे.

कलम १. मला इथेच राहात्याला पुरावे. मरिया, माझी बायको, नगरला पुरलेली आहे, पण तिच्याशेजारी जाण्याच्या हौसेपायी गाडीभाडे करू नये. ती समजून घेईल. जिवंतपणी तिने याहून जास्त समजून घेतले.

कलम २. दोन शेळ्या, पितळेची भांडी, लाकडी पलंग आणि पवित्र शास्त्राचे पुस्तक हे सर्व माझी एकुलती एक मुलगी दीना हिला. दीनाचा नवरा मिरजगावी असतो. मूल होत नाही म्हणून पाच वर्षांपूर्वी त्याने तिला माझ्या दारात आणून सोडले आणि आत येऊन पाणीसुद्धा प्यायला नाही. त्याचे नाव घालून मी मास्तरांची शाई बाटवणार नाही. माझ्यामागे तो हक्क सांगत आला तर माझ्या जुन्या वहाणाही त्याला देऊ नयेत. अंगावर उगारल्या तर हरकत नाही.

कलम ३. पाणी तपासायची पेटी. हीच माझी खरी इस्टेट. तिच्यात सहा पांढऱ्या वाट्या, एक काळी वाटी, दोन चमचे आणि थेंब टाकायची काचेची नळी आहे. हे काम मी पहिल्या लढाईत बसऱ्याला पलटणीच्या पाण्यावर शिकलो. पुढे नगरच्या छावणीत साहेबांच्या पोहण्याच्या हौदावर सोळा वर्षे काढली. तो हौद बघून इथले बागायतदार आबासाहेब यांनी आपल्या बंगल्यामागे तसाच बांधला, तीस फूट बाय पंधरा, चौदा हजार गॅलनचा, आणि सन १९३८ साली मला नोकरीस आणले. पेटी मी छावणीच्या लिलावात स्वतः विकत घेतलेली आहे. ती मी दीनाला देतो.

या कामाची रीत इथे नोंदवतो, म्हणजे पुढे कोणी दीनाला काय कळते असे म्हणू नये. पाटाचे पाणी गढूळ येते. ते तुरटीने बसवावे लागते. तुरटीने पाणी आंबटते, मग चुन्याची निवळी घालून ते ठिकाणावर आणावे, आणि आले की नाही ते लिटमसच्या कागदाने पाहावे. कडेला शेवाळ धरले तर मोरचूद फडक्यात बांधून बांबूने फिरवावे, तेही चिमूटभर. ब्लिचिंग पावडर बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी दिवस कलल्यावर टाकावे. उन्हात टाकली तर ती पोहणाऱ्यांच्या नव्हे, सूर्याच्या कामी येते. फरशी घासायचे तेजाब तिच्याजवळ कधीही नेऊ नये. मी एकदा नेले होते. माझ्या छातीत जी घरघर ऐकू येते, ती त्या दिवसापासूनची आहे.

पावडर किती टाकायची ते वाट्या सांगतात. काळ्या वाटीत चमचाभर पावडर कालवावी. सहा पांढऱ्या वाट्यांत हौदाचे पाणी घेऊन पहिलीत काळ्या वाटीतला एक थेंब, दुसरीत दोन, असे सहापर्यंत टाकावे. अर्ध्या तासाने प्रत्येकीत पिठाची दवा, म्हणजे आयोडीनचे क्षार घातलेली पिठाची पेज, सोडावी; पावडरीचा जोर शिल्लक असेल तर पाणी निळे होते. जी वाटी पहिल्यांदा निळी होईल, तितके चमचे दर शंभर गॅलनला. दुसरी निळी झाली तर आपल्या हौदाला दोनशे ऐंशी चमचे. साहेब लोक याला शास्त्र म्हणत. मी याला निळा रंग ओळखणे म्हणतो.

कलम ४. तो रंग मला दिसत नाही. मास्तर, थांबू नका, लिहा. मला काचबिंदू आहे. सन १९४३ पासून माझ्या लेखी सगळ्या वाट्या सारख्याच आहेत. नगरच्या डॉक्टरांनी गेलेली नजर परत येत नाही असे सांगितले, आणि मी ते कोणाला सांगितले नाही. वाट्या दीना बघते. बायकांनी हौदावर थांबायचे नाही असा बंगल्याचा दंडक आहे, म्हणून ती पायऱ्या झाडायला येते. कितवी वाटी निळी झाली, तितक्या वेळा ती खराट्याचा बुडखा पायरीवर आपटते, काड्या बसवतात तसा. मी मोजतो आणि मोठ्याने हुकूम सोडतो, दोन चमच्यांचे प्रमाण. आबासाहेब पाहुण्यांना सांगतात की दानीएलची नजर घारीची आहे. तीन वर्षे मी ही शाबासकी मान खाली घालून खाल्ली आहे.

कलम ५. हौदाशेजारची पंपाची खोली आणि तिला लागून आम्ही राहतो ती खोली आबासाहेबांच्या मालकीच्या आहेत. त्या मी कोणाला देऊ शकत नाही, हे मला कळते. नोकरी तर मृत्युपत्राने देता येतच नाही, असे मास्तर म्हणतात. तरीही मी लिहितो: माझ्यामागे हौदाचे काम दीनाकडे राहावे आणि त्यासोबत खोली राहावी. खोली गेली तर तिला या जगात दार नाही. नवऱ्याने टाकलेली बाई, आई नाही, भाऊ नाही. मला मरणाची भीती वाटत नाही. आठ दिवसांनी ती शेळ्या घेऊन कुठल्या रस्त्याला लागेल, याची वाटते. आबासाहेब, मी तुमच्याकडे आजवर काही मागितले नाही. हे मागतो.

कलम ६. आता अडचण अशी की काम दीनाला येते हे पटवायचे तर मला दिसत नव्हते हे सांगावे लागते. आणि मला कधीपासून दिसत नव्हते हे सांगितले, की आबासाहेब बोटांवर वर्षे मोजतील आणि सन १९४४ च्या मे महिन्यावर येऊन थांबतील. या खऱ्याचे एक टोक झाकून दुसरे उघडे ठेवता येत नाही. मी वर्षभर प्रयत्न केला.

त्या मे महिन्यात दीना मला म्हणाली की मालकांना खरे सांगून टाका. मी संतापलो. मी अजून मेलो नाही, असे म्हणून तिला पुणतांब्याला माझ्या बहिणीकडे धाडून दिले. त्याच आठवड्यात हौद उपसून पाटाचे नवे पाणी भरले. लढाईमुळे पावडरीचे नवे डबे येत नव्हते, जुनाच डबा होता, झाकण गंजलेला. मी वाट्या मांडल्या. काही दिसले नाही. मग मी डब्यात नाक घातले. वास चांगला उग्र आला, म्हणून पावडर चांगली असे धरले आणि नेहमीप्रमाणे दोनशे ऐंशी चमचे टाकले. पुढे दीनाने येऊन तोच डबा तपासला तेव्हा सहाच्या सहा वाट्या पांढऱ्या राहिल्या. पावडर मेलेली होती. मेल्यावरही तिचा वास जात नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो होतो.

त्या पाण्यात आबासाहेबांची धाकटी लेक बनू रोज पोहली. पंधरा दिवसांनी तिला मुदतीचा ताप आला. अठ्ठावीस दिवस केशरबाई, तिची आई, उशाशी बसून होत्या. पोर वाचली, पण तिचे दोन्ही कान गेले. आता ती दहा वर्षांची आहे. अजून रोज पोहते, आणि आपल्याला हाक ऐकू येत नाही म्हणून पाण्यातून मान वर काढून दर वेळी काठाकडे बघते. दीना सांगते मला हे. मी नको म्हटले तरी सांगते.

ताप पाण्याचा असे डॉक्टर म्हणाल्यावर बंगल्याच्या कारभाऱ्याने शोध लावला की माळी भिमाजी हौदात उतरला असणार, त्या दिवसांत पायरीवर ओली पावले दिसली होती. पावले माझी होती. भिमाजीचा आजा आणि माझा आजा एकाच महारवाड्यातले. माझ्या आज्याने बाप्तिस्मा घेतला, त्याच्या आज्याने घेतला नाही, एवढाच आमच्यात फरक. आबासाहेबांनी सगळ्यांदेखत मला विचारले, "हा उतरल्यानं पाणी बिघडंल का?" मी म्हणालो, "बिघडू शकतं." तेवढेच बोलणे पुरले. त्याच दिवशी भिमाजीची झोपडी मोडली. त्याची बायको छबूबाई डोक्यावर चूल घेऊन माझ्या दारावरून गेली, आणि मी आत बसून वाट्या धूत होतो.

हे कलम लिहावे की नाही, हे मी दीनालाच विचारले. म्हटले, यापायी तुझी खोली जाईल. ती म्हणाली, "बा, ल्ह्या. खोली गेली तर गेली. लई दिस झालं मी खराटा आपटतीया." म्हणून लिहिले.

कलम ७. किराणा दुकानदार गनीभाई यांनी १९४० साली तुरटी म्हणून मला निम्मे गारगोटीचे खडे दिले होते. ते मी माफ केले. साक्षीदार म्हणून सही करण्याआधी ही ओळ त्यांना वाचून दाखवावी.

वरील मजकूर काल झाला. पुढचा आज, ता. ११ रोजी, सांगत आहे.

दुसरे साक्षीदार म्हणून मी मुद्दाम आबासाहेबांनाच विनंती केली होती. आज सकाळी ते आले. मास्तरांनी वाचले. त्यांनी सगळे ऐकले आणि दोनच गोष्टी विचारल्या: भिमाजी उतरलाच नव्हता का, आणि मला तेव्हा दिसत नव्हते का. मी दोन्हींना होय म्हटले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सही न करता ते गेले.

तासाभरात कारभारी निरोप घेऊन आला. माझी माती झाल्यापासून आठ दिवसांत खोली रिकामी करावी. पेटी आणि डबे हौदाचे आहेत, ते जागेवर राहतील. मी म्हणालो, पेटी माझी आहे. तो म्हणाला, कागद आहे का? लिलावाची पावती मरियाच्या हातून कधीच चुलीत गेली. सबब कलम ५ रद्द समजावे. दीना कुठे राहील हे मला ठाऊक नाही, आणि त्याबद्दल लिहिण्याजोगे माझ्यापाशी काही उरलेले नाही. निदान पेटी तरी तिची राहावी. कॉलऱ्याच्या दिवसांत विहिरींना पावडर टाकतात, यात्रांना पाण्यावर माणसे लावतात. पेटी हातात असली तर कोणी तिला उभी तरी करील. नुसत्या बाईच्या शब्दावर कोण करणार?

पेटी माझी हे ठाऊक असलेला राहात्यात एकच माणूस होता. मी नगरहून आलो तेव्हा पुणतांबा स्टेशनावर मला घ्यायला त्यालाच पाठवले होते, आणि पेटी आगगाडीच्या डब्यातून त्यानेच उतरवून घेतली होती. त्याला आम्ही राहात्यातून घालवले. आता तो पुणतांब्याला गोदेच्या काठी दुसऱ्याच्या वांग्यांवर राखणीला असतो. गनीभाई आपला टांगा घेऊन गेले आणि दुपारी भिमाजीला घेऊन आले.

मास्तरांनी त्याला कलम ६ वाचून दाखवले. दीनाने पाणी दिले, ते तो प्यायला. मग म्हणाला, "मास्तर, अंगठा कुटं द्याचा?" मला राहवले नाही. मी विचारले, भिमाजी, मला माफ केलंस का? तो जे बोलला ते जसेच्या तसे घाला, असे मी मास्तरांना सांगितले आहे.

"न्हाई. पेटी तुजी हाय, ती मी सवता उतरवली, म्हून अंगठा देतो. पोरीसाठी देतो. तुज्यासाठी न्हाई."

हा कागद मला पुन्हा वाचून दाखवला. बरोबर आहे. माझे बोट मास्तरांनी सहीच्या जागी नेऊन ठेवले आणि मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

मुक्काम राहाता, ता. ११ माहे मे सन १९४६.

सही: दानीएल यहोशवा उजागरे

साक्षीदार:
१. गनीभाई, किराणा दुकानदार, राहाता. सही उर्दूत. (कलम ७ वाचून दाखवले. कबूल आहे म्हणाले.)
२. भिमाजी, पूर्वी माळी, राहणार पुणतांबा. डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी.

लेखक: डेव्हिड मास्तर, मिशन शाळा, राहाता.