गाव आधी, नाव मंग

बुध., १२ नोव्हें.
जुन्या जालन्यात मोटार रिवायंडिंगच्या दुकानात लागलो, टिकलोही आठवडाभर. इथल्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क कर्रकर्र करून राह्यली. आज सगळा डेटा नव्या मशीनवर, नव्या डेटाबेसमधी हलवला. कोणाची मोटार, किती एचपी, कोणत्या गेजची तार. एक नोंद गळाली न्हाई. मालक, म्हणजे मामा, बोलले, "सोमवारपर्यंत बराबर चाललं तर तुला कायम ठेवतो. न्हाईतर जुनंच बरं." मी आन् कायम... आजवर कुठंच टिकलो न्हाई. पण चालवून दाखवणार.

गुरु., १३
फजिती. धावड्याचे कडूबा अण्णा जळकी मोटार घेऊन आल्ते. गहू पाण्यासाठी थांबलेला. नाव टाकलं, तर पडद्यावर गोल फिरतच राह्यलं. अण्णांचा चहा संपला.
"पोरा, तुझं मशीन जेवायला गेलं का?"
मामांनी जुन्या कॉम्प्युटरवर नोंद जल्दी काढून दिली.
मंग डोक्यात उजेड पडला. डेटा आणला, पण इंडेक्स, म्हणजे कोणती नोंद कुठं ते सांगणाऱ्या याद्या, आणलेच न्हाईत. बिचारं एकेक नोंद उघडून बघतंय. त्यात मोटारींचे फोटो, जे आधी वेगळ्या फोल्डरात होते, मी हौसेनं नोंदीतच कोंबलेले.

शुक्र., १४
फोटो परत फोल्डरात, नोंदीत फक्त त्यांचा पत्ता. जोशात प्रत्येक रकान्याला इंडेक्स. शोध पळायला लागला. पण नवी नोंद सेव्ह करायला गेलो की गोगलगाय. एका नोंदीपायी सगळे इंडेक्स लिहिणं आलं. डिस्कही फुगली. अंकुशनगरहून दोस्ताचा, गण्याचा फोन, "साखर कारखाना सुरू झालाय, काम हाय, ये इकडं." त्याच्याशी बोलता बोलता बसस्टँडपर्यंत गेल्तो. परत आलो.

शनि., १५
काउंटरला नुसता कान देऊन बसलो. मोबाईल नंबर कोणी सांगत न्हाई, सिम बदलत राहत्यात. येणारा म्हणतो गाव, मंग नाव, मंग कोणती विहीर. सगळे असंच. अन् मी नाव पुढं धरून बसलेलो. नुसतं कडूबा म्हणलं तर तालुकाभरचे कडूबा.
एकच इंडेक्स ठेवला. गाव, नाव, विहीर, ह्याच क्रमानं. बाकीचे उडवले. मजा आली.

सोम., १७
अण्णा परत, आता वरच्या विहिरीची मोटार. "धावडा, कडूबा..." विहीर तोंडातून निघायच्या आत नोंद समोर. सेव्हही झटक्यात.
"जेवून आलं वाटतं," अण्णा.
मामा हसले. जुन्याच्या बटणावर बोट ठेवून म्हणले, "करू का बंद? नवं तुझ्याबिगर कोणाला येत न्हाई बघ. मंग जाशील कुठं?"
खिशात फोन थरथरून राह्यला, गण्याचाच. वाजू दिला.
म्हणलो, "थांबा मामा. आधी बॅकअप घेतो."
जुनं अजून कर्रकर्र.