ठोकळेबाई

रविवार, १२ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. वन्सं म्हटलं की म्हातारं झाल्यासारखं वाटतं, असं तुम्ही म्हणता. तरी लिहायला बसलं की हातून तेच उतरतं. गुडघा कसा आहे? रात्रपाळी बदलून घेतलीत का? दुसऱ्यांना दटावणाऱ्या नर्सबाई स्वतः काही गोळ्या वेळेवर घ्यायच्या नाहीत.

इकडे ठीक. लेकीची परीक्षा संपली. मी जेवते, झोपते, कुंड्यांना पाणी घालते.

कॉलेजात जीवशास्त्राच्या मुलांसाठी पहिल्या वर्षाचं फिजिक्स नव्यानं बसवतोय. हट्ट तुमच्या भावाचाच. भर स्टाफरूममध्ये म्हणायचा, "ठोकळेबाई, माझी पोरं पेशी शिकतात, बेडूक शिकतात, आणि तुम्ही त्यांना वर्षभर उतारावरून ठोकळे घसरवायला लावता. तेही घर्षण नाही असं धरून! घर्षण नसलेलं काहीही आणून दाखवा, चहा माझ्याकडून."

तर ठोकळे काढून टाकले. आता सुरुवात जिवाणूपासून. त्याच्या आकाराला पाणी मधासारखं दाट. शेपटी हलायची थांबली की तो तिथल्या तिथे थांबतो. कणभरही पुढे जात नाही.

एकच धडा राहिलाय, नळीतून वाहणाऱ्या रक्ताचा. नळीची रुंदी निम्मी झाली की तेवढ्याच दाबाला प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. परवा समिती अभ्यासक्रम मंजूर करणार. मी तो धडा वगळूनच मसुदा पाठवला. जीवशास्त्राच्या मॅडमचा लगेच फोन. "अहो, याच्यासाठीच तर सरांनी एवढा खटाटोप मांडला होता ना?"

"तास पुरत नाहीत," मी म्हटलं.

तास पुरतात, वन्सं.

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर त्याच्या हृदयाची नळी काढून दाखवली. कुठे, किती बंद झाली होती ते. तुम्ही भिंतीला टेकून रडत होतात. मी मनातल्या मनात गणित करत होते. मग तुम्ही माझे खांदे धरून गदागदा हलवलंत. "रड गं! ठोकळ्यासारखी काय बसलीस!"

तेव्हापासून आपण बोललो नाही. तो मला कोणत्या नावानं हाक मारायचा, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नव्हतं.

राग नाही. फक्त ते चूक होतं, एवढं सांगते. ठोकळा एकदा ढकलला की थोडा तरी पुढे घसरतो. मी तिथल्या तिथे थांबले.

पत्र लेकीच्या हाती देतेय. "आत्याला सरळ फोन कर की," म्हणते. फोनवरही मी गुडघ्याचीच चौकशी करत बसेन.

उद्या तुमची सुट्टी असते. याल? मी तो धडा लिहायला बसणार आहे. तुम्ही शेजारी नुसत्या बसा. रड म्हणू नका. हात थांबला तर कोपरानं जरा ढकला.

आणि त्या नावानं हाक मारणारं आता घरात कुणी नाही. तुम्ही मारलीत तर चालेल.

तुमची,
ठोकळेबाई