दाखल्यावरची सही

४ मार्च
आले बाई एकदाची! आरोग्य केंद्र लहान, पण लख्ख. दोन खाटा, लसींचा फ्रिज, मागे आमच्या दोन खोल्या. आईचं हृदय अधू, तरी येताच तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. डॉक्टर असून बारा वर्षं मी ऑफिसात बसून कागदी घोडे नाचवले. आता खरी माणसं भेटतील. नर्सबाई म्हणाल्या, सहा वर्षांत इथे एकही मृत्यू नाही. मी हसून मासिक अहवालावर सही ठोकली. पहिल्याच दिवशी कशाला नाक खुपसा?

९ मार्च
घरोघर फिरले. प्रत्येक वस्तीत बायकांची समिती, संडास, गाळलेलं पाणी. जीव सुखावला. सुताराच्या वडिलांचा हात मात्र थंडगार. नाडी लागेना, छातीतही आवाज नाही. त्यांनी विचारलं, खोकल्याचं औषध बदलून मिळेल का. माझंच काहीतरी चुकत असणार.

१३ मार्च
तसे आणखी नऊ सापडले. नर्सबाईंनी भाजी निवडावी तितक्या शांतपणे सांगितलं: आधीच्या डॉक्टरांना शून्याचा आकडा टिकवायचा होता, म्हणून ते मृत्यूच्या दाखल्यावर सही करत नसत. सही नाही, तर माणूस जात नाही. घरच्यांनाही आधी बरंच वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.
मी घाबरायला हवं होतं. सगळ्यांची वजनं लिहून घेतली.

१८ मार्च
सुताराचे वडील स्वतः चालत आले. सहा वर्षं झोप नाही म्हणाले, आता सोडवा डॉक्टरीणबाई. मी सही केली. शाई वाळायच्या आत ते खुर्चीत कलंडले. सुतार रडला आणि मग त्याने माझे आभार मानले.

१९ मार्च
नऊ सह्या. काही वाटलं नाही. जेवले.

२१ मार्च
आई सकाळी उठली नाही. नाडी नाही. मी दाखला काढला नाही — फक्त आजचा दिवस, एवढंच. दुपारी तिने उठून चहा केला.

२४ मार्च
तिचे डोळे मिटत नाहीत. खात नाही. अंगात कळ आहे म्हणते, कुठे ते सांगता येत नाही. मी औषध दिलं. कशाचं, ते —

२६ मार्च
आईने कोरा दाखला आणला. नाव तिनेच भरलंय. म्हणाली, लोकांच्या आयांना सोडवलंस, मग मीच काय पाप केलं.
पेन धरलंय. हात हलत नाही. मी नाही करणार — मी एकटी इथे —
तिने माझं मनगट धरलं. लहानपणी अक्षर गिरवून घ्यायची तसं. दोघींचे हात सारखेच गार. ती दाबतेय. पहिलं अक्षर झालं. आई, थांब ना, अजून एक दिवस —